रग्ड मेमरी: लष्करी फील्डमधल्या कॉम्प्युटर मेमरीबद्दल सारखे येणारे प्रश्न

इंजिनिअरिंगची पोरं, एम्बेडेडमध्ये काम करणारे मित्र आणि घरातलं कुणी फौजेत आहे असे बरेच जण हे प्रश्न पाठवत असतात, त्यातले परत परत येणारे एका जागी आणलेत. सगळं उघड माहितीतलं आहे, चालू यंत्रणांबद्दल इथे काही मिळणार नाही. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतात, जिथे एकमेकांशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. रग्ड मेमरी म्हणजे काय? साधी रॅम जाड डब्यात बसवली की झालं ना?

नाही झालं. डब्याने पाऊस, धूळ आणि थोडा मार अडतो, पण डब्याच्या आतलं तापमान, हादरे, वीज मधेच जाणं, आकाशातून येणारे कण, यातलं काहीच डबा अडवत नाही, उलट डबा सीलबंद केला की आतली उष्णता बाहेर जायची पंचाईत होते. रग्ड मेमरी बनवणं म्हणजे आधी बसून ती कशाकशाने मरू शकते याची यादी करायची आणि मग चिप, सोल्डर, कनेक्टर, पॉवर आणि सॉफ्टवेअर अशा प्रत्येक पातळीवर त्या एकेका कारणाला उत्तर शोधायचं. खालचं सगळं पान त्या यादीबद्दलच आहे असं समजा.

२. मेमरी म्हणताय ती रॅम की एसएसडी?

दोन्ही. डीरॅम (चालू असतानाची), फ्लॅश म्हणजे एसएसडी (वीज गेल्यावरही राहणारी), आणि तिसरी छोटीशी पण महत्त्वाची, सेटिंग, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, कॅलिब्रेशन ठेवणारी मेमरी. तिन्हींचे आजार वेगळे आहेत. तिसरीबद्दल प्रश्न १३ बघा.

३. कमर्शियल, इंडस्ट्रियल आणि मिलिटरी ग्रेडमध्ये नेमका फरक काय?

ढोबळमानाने तापमानाची रेंज. कमर्शियल ० ते ७० अंश सेल्सिअस, इंडस्ट्रियल उणे ४० ते ८५, आणि पूर्ण मिलिटरी उणे ५५ ते १२५. पण नुसती रेंज बघून फसू नका, मिलिटरी ग्रेडमध्ये चाचणी किती चिप्सची झाली, कुठल्या लॉटची, कागदपत्रं काय, पॅकेज सिरॅमिकचं आहे का प्लास्टिकचं, हेही येतं आणि पैसे खरे तिथे जातात.

आज फील्डमधल्या बऱ्याच उपकरणांत मिलिटरी ग्रेडची डीरॅम नसतेच, इंडस्ट्रियल असते. कारण १९९४ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला की शक्य तिथे लष्करी स्पेसिफिकेशन सोडा आणि बाजारातले पार्ट वापरा. तोपर्यंत लष्करासाठी वेगळी चिप बनत होती, त्यानंतर बाजारातलीच चिप निवडून, तपासून, नीट बसवून वापरायची असं धोरण जगभर रुळलं. माझ्या मते निर्णय बरोबरच होता, नाहीतर रणगाड्यातला कॉम्प्युटर कायम दोन पिढ्या मागे राहिला असता, पण त्यामुळे जबाबदारी चिप बनवणाऱ्याकडून बोर्ड बनवणाऱ्याच्या अंगावर आली हे लक्षात ठेवा.

४. लॅपटॉपसारखी सोडिम रॅम स्लॉटमध्ये घातली तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोडिम हातात घेऊन कड बघा. सोनेरी पट्ट्यांची रांग दिसते, त्या पट्ट्यांवरचं सोनं एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, खाली निकेल आणि त्याखाली तांबं. स्लॉटमधली स्प्रिंगची पिन त्या पट्टीला नुसती दाबून धरते, बास, बाकी काही नाही. आता हे ट्रॅक असलेल्या, म्हणजे रणगाड्यासारख्या गाडीत बसवा. इंजिन चालू असताना कार्ड स्लॉटमध्ये अगदी काही मायक्रॉन मागेपुढे सरकतं, डोळ्याला काही दिसत नाही, पण तासन् तास तेच घासणं चालतं आणि सोनं निघून जातं, खालचं निकेल उघडं पडतं, त्याचा ऑक्साइड बनतो, त्याची पूड तिथेच साचते आणि संपर्काचा रेझिस्टन्स वाढत जातो. याला फ्रेटिंग म्हणतात. वाईट गोष्ट ही की बिघाड कायमचा नसतो, येतो जातो. कार्ड काढलं, पुसलं, परत लावलं की मशीन सुरू होतं, सगळे म्हणतात झालं ठीक, आणि वर्कशॉपमधून गाडी बाहेर पडली की चार दिवसांत तेच. वर्कशॉपमध्ये बेंचवर ठेवून कितीही टेस्ट केली तरी सापडत नाही कारण बेंच हलत नाही.

म्हणून तीन रस्ते आहेत. एक, चिप थेट बोर्डवर सोल्डर करायच्या. दोन, मॉड्यूल पाहिजेच असेल तर स्क्रूने चारी बाजूंनी आवळता येणारं आणि दाट पिनांचा बंदिस्त कनेक्टर असलेलं घ्यायचं. तीन, साधी सोडिमच वापरून तिला क्लॅम्प आणि चिकटवणारं कंपाउंड लावायचं, हा स्वस्तातला उपाय आहे आणि हळू चालणाऱ्या गाड्यांत, जहाजावरच्या केबिनमध्ये वगैरे चालूनही जातो, पण हेलिकॉप्टरमध्ये मी कुणाला सुचवणार नाही.

५. मग सोल्डर केली की प्रश्न मिटला?

अर्धा मिटला. सिलिकॉन एका अंशाला साधारण ३ पीपीएम (दहा लाखांत ३ भाग) पसरतं आणि नेहमीचा फायबरग्लासचा बोर्ड १४ ते १७ पीपीएम. म्हणजे तापमान वर गेलं की चिप आणि बोर्ड वेगवेगळे पसरतात आणि त्यांच्यामधले सोल्डरचे बारीक गोळे ताणले जातात, रात्री थंड झालं की उलटे ताणले जातात. वाळवंटात हे रोज होतं. काही हजार चक्रांनंतर कोपऱ्यातल्या गोळ्यात चीर पडते, कोपऱ्यातच आधी, कारण मध्यापासून तो सगळ्यात लांब असतो. त्यावर उपाय म्हणून चिपखाली अंडरफिल म्हणजे पातळ इपॉक्सी सोडतात किंवा निदान चार कोपरे चिकटवून टाकतात. अंडरफिल चुकीचं निवडलं तर तेच पसरून गोळे उचकटतं, त्यामुळे डेटाशीटमधला ग्लास ट्रान्झिशनचा (कुठल्या तापमानाला इपॉक्सी मऊ पडतं त्याचा) आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका.

त्यात सोल्डरमधल्या शिशाचा विषय आहेच. युरोपात जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं हद्दपार झालं, लष्करी उपकरणांना सूट मिळाली, पण चिप बनवणाऱ्यांनी दोन वेगळ्या लाइन कशाला चालवायच्या? त्यामुळे मेमरी चिपच्या खालचे गोळे आता बिनशिशाचेच येतात. शुद्ध कथलाच्या लेपातून कालांतराने केसासारखे तंतू उगवतात आणि शेजारच्या पिनला टेकून शॉर्ट करतात, म्हणून बरेच जण गोळे काढून शिसंवाले परत बसवून घेतात. खर्चिक आहे, आणि चिपला एक जादा गरम चक्र सोसावं लागतं.

६. हे सगळं सुरू कधी झालं?

पन्नाशीच्या दशकात. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये १९५३ साली जे फॉरेस्टर यांच्या टीमने मॅग्नेटिक कोअर मेमरी बसवली. त्याआधी त्यात स्टोरेज ट्यूब होत्या आणि त्या इतक्या बिघडायच्या की मशीन भरवशाचं म्हणताच येत नव्हतं. मग तीच कोअर मेमरी हवाई संरक्षणाच्या सेज यंत्रणेत गेली. पण सेज बिल्डिंगएवढं मशीन, ते काही फील्डमध्ये नेता येत नव्हतं.

खरं फील्डमध्ये नेण्याचं काम अमेरिकन आर्मीच्या सिग्नल कोरने (संदेशवहन दलाने) फील्डाटा नावाच्या प्रोजेक्टमध्ये केलं. सिल्व्हेनियाने बनवलेला मोबिडिक हा ट्रान्झिस्टरवर चालणारा, कोअर मेमरी असलेला कॉम्प्युटर ट्रकने ओढायच्या ट्रेलरमध्ये बसवला होता, पहिला १९५९ च्या शेवटी ॲरिझोनातल्या फोर्ट हुआचुकाला पोचला, पुढे एक जर्मनीत सातव्या आर्मीकडे गेला. मेमरी ४,०९६ शब्दांपासून सुरू, एक शब्द ३६ बिटांचा. आज हे हास्यास्पद वाटेल पण त्यावर सामानाचा हिशोब आणि पुरवठा चालायचा.

त्याच काळात मिनिटमन क्षेपणास्त्राच्या डी-१७बी कॉम्प्युटरमध्ये मेमरी म्हणून चक्क फिरती डिस्क होती, मिनिटाला ६,००० फेरे, २,७२७ शब्द. सायलोत ते मशीन सतत चालूच ठेवायचे, म्हणजे सुरू-बंद करण्याचा ताणच नको.

७. कोअर मेमरीचं इतकं कौतुक का? तिचे तोटे नव्हते का?

कौतुक यासाठी की वीज गेली तरी बिट जागेवर राहतो. फेराइटचं एक बारीक कडं, त्यातून ओवलेल्या तारा, कडं एका दिशेने मॅग्नेटाइज झालं तर १, दुसऱ्या दिशेने तर ०. मोत्याची नथ गुंफावी तशी ही कडी सुईने, भिंगाखाली, हाताने ओवत, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करायच्या. कडं घन आहे, हलणारं काही नाही, रेडिएशनने सहजासहजी पुसलं जात नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं तेव्हा त्यातले कॉम्प्युटर समुद्रातून बाहेर काढून त्यांची कोअर मेमरी वाचता आली होती. तोच एपी-१०१ कुटुंबातला कॉम्प्युटर बी-५२ बॉम्बरमध्येही होता.

तोटे होते की. एक म्हणजे वाचलं की पुसलं जातं, त्यामुळे प्रत्येक वाचनानंतर परत लिहावं लागायचं आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली तर तो शब्द गेला, म्हणून पॉवर पडतेय हे आधी ओळखून चालू असलेलं चक्र पुरं करून थांबणारं सर्किट लागायचं. (ही कल्पना आजच्या एसएसडीतही आहे, प्रश्न १२.) दुसरा तोटा तापमानाचा. फेराइट गरम झालं की कमी करंटमध्ये उलटतं, थंड झालं की जास्त मागतं. मोठ्या मशीनमध्ये तर मेमरीचा गठ्ठा ठरावीक तापमानाच्या तेलात बुडवून ठेवायचे, आयबीएम ७०९० मध्ये तसंच होतं. फील्डमध्ये तेल कुठून नेणार? म्हणून थर्मिस्टर लावून तापमानाप्रमाणे करंट कमीजास्त केला आणि पुढे लिथियम फेराइटची कडी आली, ती मोठ्या रेंजमध्ये बरीच स्थिर राहतात. मला विचाराल तर रग्ड मेमरीचं सगळं शास्त्र या एका उदाहरणात दिसतं, पदार्थ बदलून अर्धा प्रश्न सुटला आणि उरलेला सर्किटने सोडवला.

८. बबल मेमरीचं नाव ऐकलंय, ती कुठे गेली?

बेल लॅब्समध्ये अँड्र्यू बोबेक यांनी साठीच्या दशकात शोधलेली. गार्नेटच्या पातळ थरात चुंबकीय बुडबुडे, बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र दिलं की ते रांगेने पुढे सरकतात, बुडबुडा आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. हलणारा भाग शून्य, वीज गेली तरी डेटा शाबूत. १९७९ ला इंटेलने १ मेगाबिटची चिप आणली तेव्हा आता डिस्कचे दिवस भरले असं लोकांना वाटलं होतं.

मेली ती वेगामुळे आणि किमतीमुळे. डेटा रांगेत फिरत असल्यामुळे हवा तो तुकडा समोर यायला दहा-वीस-चाळीस मिलिसेकंद लागायचे, आणि तेवढ्यात हार्ड डिस्क भराभर स्वस्त झाली. पण धुळीत, हादऱ्यात डिस्क चालत नाही म्हणून लष्करात ती टिकून राहिली. १९८२ चा ग्रिड कंपास लॅपटॉप, मॅग्नेशियमची केस आणि ३४० किलोबाइट बबल मेमरी, नासाने स्पेस शटलवर नेला आणि अमेरिकन सैन्यानेही घेतला. पुढे फ्लॅश आली आणि विषय संपला.

९. लेहला नेलेली पोर्टेबल हार्ड डिस्क खराब का होते?

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि हवा विरळ झाली की तो थर पातळ होतो, हेड प्लॅटरला लागायची शक्यता वाढते. बहुतेक साध्या डिस्कची चालू स्थितीतली मर्यादा ३,००० मीटरच्या आसपास लिहिलेली असते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे विमानतळावर उतरल्या उतरल्या तुम्ही डेटाशीटच्या बाहेर. हेलियम भरलेल्या सीलबंद डिस्कला हा नियम तसाच लागू नाही, पण हादऱ्याचा प्रश्न राहतोच. थेट एसएसडी न्या.

विरळ हवेचा दुसरा त्रास असा की पंख्याने होणारं कूलिंगही कमी पडतं. म्हणून रग्ड बोर्डात पंख्याच्या भरवशावर राहत नाहीत, चिपची उष्णता धातूच्या चौकटीतून कडेला नेतात आणि कडेला वेजलॉक नावाची पाचर असते, ॲलन की ने आवळली की ती फुगून कार्ड चेसिसच्या भिंतीला घट्ट दाबते, उष्णताही जाते आणि कार्ड हलतही नाही.

१०. मेमरीला जास्त त्रास उन्हाचा की थंडीचा?

प्रकारावर आहे. डीरॅमला उन्हाचा. तिच्यातला बिट म्हणजे कपॅसिटरमधला चार्ज, तो गळत असतो आणि गरम झालं की जोरात गळतो. म्हणून ८५ अंशापर्यंत दर ६४ मिलिसेकंदात सगळ्या ओळी ताज्या करायच्या आणि त्यावर ९५ पर्यंत जायचं तर ३२ मध्ये, असा नियम आहे. आता ९५ अंश ऐकून लांबची गोष्ट वाटेल. राजस्थानात फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश नोंदले गेले, ते सावलीतलं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत अमेरिकन लष्करी स्टँडर्ड (प्रश्न १४) ७१ अंश धरतं, त्यावर चिपची स्वतःची उष्णता, म्हणजे झालेच की.

थंडीत डीरॅमचा चार्ज उलट जास्त टिकतो (त्याचा एक वेगळाच धोका आहे, प्रश्न १७). थंडीत मरतात ते आजूबाजूचे, क्रिस्टल सुरू न होणं, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ढिले पडणं, बॅटरी बसणं. म्हणून कित्येक उपकरणांत आधी हीटर चालू होतो आणि बोर्ड ठरावीक तापमानाला आल्यावरच कॉम्प्युटरला रीसेटमधून सोडतात. जवान म्हणतात मशीन उशिरा चालू होतं, ते यामुळे.

फ्लॅशचं अजून वेगळं. थंडीत लिहिलेला डेटा उन्हात वाचला किंवा उलट, तर चुका वाढतात, कारण लिहिताना सेलचा व्होल्टेज एका तापमानाला मोजलेला आणि वाचताना दुसऱ्या. एका सेलमध्ये जितके जास्त बिट कोंबले तितका हा प्रकार वाईट, म्हणून फील्डसाठी अजूनही एका सेलमध्ये एकच बिट असलेली एसएलसी, किंवा तशी वापरलेली टीएलसी (एरवी एका सेलमध्ये तीन बिट) मागतात. कपॅसिटी तिपटीने घटते, घटू दे.

११. ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) खरंच लागतं का? आणि डीडीआर५ मध्ये ते आलेलंच आहे ना?

लागतं. १९७८ ला इंटेलच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की चिपच्या सिरॅमिक पॅकेजमधल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण डीरॅममधले बिट उलटवतात. ते साहित्य शुद्ध केलं, पण अवकाशातल्या किरणांमुळे हवेत तयार होणारे न्यूट्रॉन राहिलेच, ते धातूच्या डब्यातून आरपार जातात. उंचीवर ते वाढतात. कोलोरॅडोतलं लेडव्हिल ३,१०० मीटरवर आहे, तिथे न्यूयॉर्कच्या जवळपास १३ पट. लडाख त्याहून उंच, पण आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे जास्त कण अडवतं, म्हणून लेडव्हिलचा आकडा तसाच उचलून इकडे लावू नका. तरी समुद्रसपाटीपेक्षा जास्तच.

नेहमीचं ईसीसी ६४ बिटांना ८ जादा बिट जोडतं, एक चूक दुरुस्त करतं, दोन ओळखतं. डीडीआर५ मधलं चिपच्या पोटातलं ईसीसी वेगळं, ते चिपच्या आतल्याच चुका झाकतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही आणि बऱ्याचदा सिस्टिमला कळतही नाही की काही दुरुस्त झालं. फील्डमध्ये दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद सोन्यासारखी असते, प्रश्न ४ मधला कनेक्टर किंवा ५ मधला गोळा मरायच्या आधी ती वाढायला लागते. तेव्हा जादा चिप्सवालं पूर्ण ईसीसी घ्या आणि लॉग वाचा.

१२. गाडीचं इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज पडतो, तेव्हा एसएसडीचं काय?

लष्करी गाड्यांत २८ व्होल्टची लाइन असते आणि स्टार्टर ओढला की ती बरीच खाली जाते. चांगला पॉवर सप्लाय ते सोसतो, पण कधी ना कधी वीज मधेच जाणारच. एसएसडीत नुसता तुमचा डेटा नसतो, कुठला ब्लॉक कुठे ठेवलाय याचा नकाशाही असतो आणि तो लिहिता लिहिता वीज गेली तर अख्खी डिस्कच ओळखू येत नाही. म्हणून आत कपॅसिटर ठेवून काही मिलिसेकंदांची उधारी ठेवतात, तेवढ्यात नकाशा लिहून मोकळं व्हायचं. इथे सुपरकपॅसिटर दिसले तर सावध व्हा, उन्हात ते लवकर म्हातारे होतात, पॉलिमर टँटलमचे जास्त टिकतात. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा की लिहिणं चालू असताना वीज तोडायची चाचणी केली का, किती वेळा, कुठल्या तापमानाला. उत्तर देताना अडखळला तर दुसरीकडे बघा.

१३. एमरॅम, एफरॅम या वीज गेली तरी डेटा धरणाऱ्या मेमरींना काहीच होत नाही म्हणतात, मग सगळीकडे तेच का नाही वापरत?

कपॅसिटी आणि किंमत. एमरॅममध्ये बिट चुंबकीय असतो, म्हणजे कोअरचीच नात म्हणा, वीज नको, लिहिण्याने झिजणं जवळपास नाही. २००६ मध्ये फ्रीस्केलने ४ मेगाबिटची बाजारात आणली, आजही ती मेगाबिट ते काही गिगाबिट एवढ्यातच आहे. म्हणून ती प्रश्न २ मधल्या तिसऱ्या प्रकाराला उत्तम, कॅलिब्रेशन, लॉग, शेवटची स्थिती. बॅटरीवर टिकवलेल्या एसरॅमला हाकलून लावायला तर सगळ्यात बरी, कारण बॅटरी कधी बसेल सांगता येत नाही. फक्त जवळ मोठं चुंबक किंवा जबरदस्त करंटची तार असेल तर शील्डिंग आणि डेटाशीटमधली चुंबकीय क्षेत्राची मर्यादा दोन्ही बघा, हे लोक विसरतात.

१४. लॅपटॉपवर मिल-स्टँडर्ड ८१० पास लिहिलंय, म्हणजे लष्करी दर्जाचा झाला ना?

नाही. पहिलं म्हणजे ८१० हे सर्टिफिकेट नाही, चाचण्या कशा करायच्या याचं पुस्तक आहे, १९६२ पासूनचं, सध्या त्याची एच आवृत्ती चालते. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या, किती तीव्रतेने, हे वापराप्रमाणे ठरवायचं असतं. कंपनी स्वतःच दोन-तीन सोप्या चाचण्या करून तसं छापू शकते. पडण्याच्या प्रसिद्ध चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा, प्रत्येक कड, कोपरा आणि पृष्ठभागावर पाडतात, खाली काँक्रीटवर ठेवलेला प्लायवूड असतो, आणि या २६ पाडण्यांसाठी पाचपर्यंत नग वाटून वापरायला परवानगी आहे. म्हणजे तुमच्या हातातलं मॉडेल सगळ्या २६ वेळा पडून वाचलंच असेल असं नाही.

आपल्याकडे जेएसएस ५५५५५ हे तिन्ही दलांचं स्पेसिफिकेशन आहे. विकत घेताना "पास आहे का" असं न विचारता कुठली पद्धत, कुठली तीव्रता, उपकरण चालू होतं की बंद, आणि रिपोर्ट दाखवा, असं विचारा. मेमरीसाठी चालू-बंद हा मुद्दा फार महत्त्वाचा, बंद मशीन हलवून काहीच कळत नाही, हादरे चालू असताना मेमरीवर पॅटर्न लिहून वाचत राहायला हवं.

१५. अणुस्फोटाच्या वेळी मेमरीचं काय होतं?

गॅमा किरणांचा झोत आला की सेमीकंडक्टरमध्ये सगळीकडे एकदम करंट वाहतो आणि चालू असलेलं गणित भरकटतं. त्यावरची जुनी युक्ती अशी की डिटेक्टरने झोत ओळखायचा, लगेच मेमरीचं लिहिणं बंद करायचं, सगळं थांबू द्यायचं आणि चुंबकीय मेमरीत जपून ठेवलेल्या शेवटच्या चांगल्या स्थितीपासून परत सुरू करायचं. म्हणून कोअर, आणि नंतर प्लेटेड वायर (तारेवर चुंबकीय लेप असलेली मेमरी), इतकी वर्षं सोडवत नव्हती. इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स हा वेगळा प्रकार, तो तारांमधून घुसतो, त्याचं उत्तर शील्डिंग आणि फिल्टरमध्ये आहे, मेमरी चिपमध्ये नाही.

१६. उपकरण शत्रूच्या हाती लागणार असेल तर डेटा कसा मिटवतात? फॉरमॅट मारून?

फॉरमॅटने काही मिटत नाही. फ्लॅशवर वरून शून्य लिहिली तरी नाही, कारण एसएसडी झीज वाटून घेण्यासाठी नवीन डेटा दुसऱ्याच ब्लॉकमध्ये लिहिते आणि जुना तिथेच पडून राहतो. नीट उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहायचं आणि वेळ आली की फक्त किल्ली उडवायची, ते क्षणात होतं. किल्ली अशा मेमरीत ठेवायची जी एका बटणाने, मेन पॉवर नसतानाही, पुसता येते.

हे आधी नीट ठरवलं नाही तर काय होतं ते १ एप्रिल २००१ ला दिसलं. अमेरिकन नौदलाचं ईपी-३ हेरगिरी विमान चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाल्यावर हैनान बेटावर उतरलं, उतरता उतरता आतल्या लोकांना कुऱ्हाडीने उपकरणं फोडावी लागली, काहींवर गरम कॉफी ओतली, आणि तरी बरंच काही शाबूत चिन्यांच्या हाती लागलं. टिकाऊपणा मागणारा ग्राहक पुसण्याची सोय मागायला विसरतो असं मला नेहमी दिसतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच बोर्डावर पहिल्या ड्रॉइंगपासून हव्यात.

१७. रॅम तरी वीज गेली की रिकामी होते ना, मग तिची काळजी कशाला?

लगेच नाही होत. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की वीज गेल्यावर डीरॅममध्ये डेटा काही सेकंद राहतो आणि चिप उणे ५० अंशापर्यंत थंड केली तर काही मिनिटं, तेवढ्या वेळात मॉड्यूल काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावून एन्क्रिप्शनची किल्ली वाचता येते. प्रयोगशाळेत त्यासाठी कॅनमधली गार हवा फवारली होती. सियाचीनसारख्या ठिकाणी निसर्गच ते काम करतो. म्हणून बंद होताना किल्ल्या पुसणं, डबा उघडल्याचा सेन्सर, आणि सोल्डर केलेली रॅम, हे सगळं लागतं. प्रश्न ४ मध्ये हादऱ्यासाठी सोल्डर केली ती इथेही कामाला येते.

१८. उपकरण २५ वर्षं चालणार, पण चिप ५ वर्षांत बंद होते. मग?

हे खरं दुखणं. डीरॅमची पिढी येते आणि जाते, रणगाडा तिथेच असतो. काही जण शेवटच्या ऑर्डरमध्ये आयुष्यभराचा साठा घेऊन नायट्रोजनमध्ये ठेवतात, काही जण मेमरीचं छोटं वेगळं कार्ड करतात म्हणजे तेवढंच नव्याने बनवता येईल. साठा संपल्यावर लोक खुल्या बाजारात शोधतात आणि तिथे जुन्या बोर्डांवरून उपसलेले, वरचं छापील घासून नवीन नंबर टाकलेले पार्ट मिळतात. अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात २००९-१० या दोन वर्षांत अशी सुमारे १,८०० प्रकरणं आणि दहा लाखांहून जास्त संशयित पार्ट सापडल्याचं म्हटलं होतं. अधिकृत वितरकाशिवाय घेऊ नका, घ्यावंच लागलं तर एक्स-रे आणि काही नग फोडून आतला डाय बघा.

१९. पुण्या-मुंबईत राहून या क्षेत्रात काम करता येतं का?

येतं. पुण्यात डीआरडीओच्या एआरडीई (शस्त्रास्त्रं), दिघीची आर अँड डीई (अभियांत्रिकी) अशा प्रयोगशाळा आहेत, बीईएलचं (भारत इलेक्ट्रॉनिक्स) युनिट आहे, आणि त्यांना बोर्ड, चेसिस, केबल पुरवणारे बरेच लहान उद्योग आहेत. छोट्या कंपन्यांसाठी २०१८ पासून संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना आहे. चाचण्यांसाठी मुंबईत ईआरटीएल वेस्टसारखी सरकारी प्रयोगशाळा आहे. मेमरीची चिप मात्र बहुतेक बाहेरूनच येते, आपलं काम निवड, बोर्ड, उष्णता, फर्मवेअर आणि चाचणीचं आहे, आणि ते कमी दर्जाचं काम आहे असं समजू नका, वरचे सतरा-अठरा प्रश्न बहुतेक तिथलेच आहेत. शिकायचं असेल तर सोल्डर जोडाचा आडवा छेद मायक्रोस्कोपखाली बघायला शिका आणि पॉवर सप्लायची वेव्हफॉर्म वाचायला शिका.

कोकण किनाऱ्यावर किंवा जहाजावर जाणाऱ्या बोर्डांसाठी एक जादा सूचना: मिठाच्या धुक्याची चाचणी ३५ अंशाला, ५ टक्के मिठाच्या द्रावणात होते, पण कोटिंग लावताना कनेक्टर झाकायचे राहिले तर कोटिंगच पिनांवर बसतं आणि मीठ यायच्या आधीच बोर्ड बंद पडतो. चिपच्या खालपर्यंत जायचं असेल तर वाफेतून बसणारं पॅरिलीन चांगलं, फक्त नंतर रिपेअर करताना ते खरवडणं जिकिरीचं आहे.

२०. स्टोअरमध्ये आठ-दहा वर्षं पडून असलेलं कार्ड थेट गाडीत लावलं तर चालेल का?

डीरॅमला पडून राहण्याने फारसं होत नाही, फ्लॅशला होतं. साध्या एसएसडीचा नियम असा की आयुष्यभराचं लिखाण संपल्यावर ती ३० अंशाला बिनवीज एक वर्ष डेटा धरेल, सर्व्हर वर्गातली ४० अंशाला तीन महिने. नवी, कमी लिहिलेली फ्लॅश याच्या कितीतरी पट जास्त धरते, पण पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली असेल तर गळती वाढते. म्हणून आधी बेंचवर लावा, सगळा डेटा एकदा पूर्ण वाचून काढा, दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा बघा, फर्मवेअरची इमेज मूळ प्रतीशी ताडून परत लिहा. बोर्डावर बटण सेल असेल तर बदला. कनेक्टरवर काळपट डाग आहेत का भिंगातून बघा. मग हीटर चेंबर किंवा निदान एक रात्र चालू ठेवून मेमरी टेस्ट, आणि त्यानंतरच गाडीत. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ठरावीक महिन्यांनी वीज देऊन वाचायची नोंद ठेवली असेल तर यातलं बरंच काम वाचतं.